आखाजीची तबकडी

शिंदखेड्यातलं काम उरकून स्टेशनात आले तेव्हा परतीच्या गाडीला अजून अडीच तास होते. अडीच तास एका जागी बसून राहणं मला कधी जमलं नाही. बाकावर पिशवी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, आणि शेवटी ती काखेत मारून चालू लागले. चैत्र सरत आला होता. जिनिंगच्या बाजूने सरकीचा तेलकट वास येत होता. रस्त्यावरची धूळ पायांना अशी बिलगली, जणू मी इथून कधी गेलेच नव्हते.

पाय देवळापाशीच थांबले. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या उपासनेच्या जागेला देऊळच म्हणायचो. चार दगडी भिंती, वर कौलं, आणि शेजारी दोन खोल्यांचं घर. त्या घरात माझं बालपण गेलं. बाबा तिथे उपदेशक होते. आता तिथे नवे पाळक राहतात. तरुण आहेत, हौशी आहेत. आठ महिन्यांपूर्वी धुळ्याहून बॅटरीवर चालणारा रेडिओ आणलाय म्हणाले. उपासनेच्या दिवशी तो देवळात असतो, एरवी घरात. "लोकांना बोलवायला बरं पडतं," ते म्हणाले आणि थोडे लाजले.

मला हसू आलं. मग त्यांनी मागचं कपाट उघडून दाखवलं, आणि हसू तिथेच राहिलं.

आमचा फोनो, किल्लीवरचा ग्रामोफोन. शिसवी पेटी, पितळी कर्णा. कर्ण्यात कुणीतरी मेणबत्त्यांचे तुकडे टाकून ठेवले होते.

"चालत नाही तो. स्प्रिंग गेलीय," पाळक म्हणाले. "तुम्हाला हवा तर घेऊन जा, ताई."

मी पेटीवर हात ठेवला. लाकूड उन्हाने तापलेलं होतं.

धुळ्याच्या मिशनच्या मडमसाहेब कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी हा फोनो बाबांना दिला होता. सोबत पाच तबकड्या आणि सुयांची एक डबी. बाबांनी तो बैलगाडीतून मांडीवर घेऊन आणला, एखादं आजारी मूल आणावं तसा. देवळाचं छप्पर गळायचं म्हणून तो आमच्या घरात राहू लागला. पण घरात राहिला तरी तो घरचा नव्हता. "ही पेटी प्रभूच्या कामाची आहे," बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. रविवारी ती देवळात जायची, बाजाराच्या दिवशी बाजारात. बाकीचे दिवस ती फडताळावर, भरतकाम केलेल्या कापडाखाली गप्प बसायची. आम्ही तिच्याकडे बघत जेवायचो.

गप्प म्हणायचं खरं. बाबा सायकलवर गावोगाव निघाले, त्यांची घंटा वळणापलीकडे गेली, की आई ते कापड "झटकायला" काढायची. झटकता झटकता तिचा हात किल्लीवर जायचा. किल्ली फिरताना आतून घशात खरखरल्यासारखा आवाज यायचा. मग तबकडीची ती सरसर, पाऊस दूरच्या शेतावर पडतोय तशी, आणि त्या सरसरीतून कुणी मुंबईचा माणूस शुद्ध मराठीत भजन म्हणू लागायचा. आईला त्या भजनाचं विशेष काही नसावं. ती डोळे मिटून त्या सरसरीकडेच कान लावायची. एका सुईने एकच बाजू वाजवायची असते, पण सुया धुळ्याहून यायच्या. आई वापरलेल्या सुया पाट्यावर घासून पुन्हा टोकदार करायची. घासताना येणारा तो बारीक किरकिराट अजून माझ्या दातांत आहे.

उन्हाळ्यात तबकड्या वाकायच्या. म्हणून वैशाख लागला की आई त्या दोन लाकडी पाटांमध्ये दाबून धान्याच्या कणगीमागे, गारव्याला ठेवायची. नेमक्या त्याच दिवसांत तिचं काहीतरी बिघडायचं. पाणी भरायला जायची आणि रिकामी घागर घेऊन परत यायची. भाकरी करपायची. दारात उभी राहायची, आत यायची, पुन्हा दारात. गावभर झाडांना झोके लागलेले असायचे. सासरी नांदणाऱ्या मुली माहेरी आलेल्या असायच्या, त्यांची गाणी आमच्या अंगणापर्यंत यायची.

"आखाजी उनी," ती म्हणायची. कुणाला उद्देशून नव्हे.

खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. अक्षय्यतृतीयेला लेकीने माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, गायचं. आईचं माहेर तापीपलीकडे होतं, शेतकरी घर. बाबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या मागोमाग हिनेही घेतला, आणि त्या दिवसापासून माहेरचं दार बंद झालं. मी तिथे कधी गेले नव्हते. आजीचं नावही मला माहीत नव्हतं. आईच्या बोलण्यात ते घर यायचं नाही, फक्त तिच्या दळणात यायचं. पहाटे जात्याशी बसली की ती आमच्याशी बोलायची ती पुस्तकी मराठी कुठेतरी जायची आणि तिची खरी बोली बाहेर पडायची.

*वैशाखनं ऊन माय, वाट तापनी तापनी,*
*नीमनी सावली माय, तुना आंगनमा ऱ्हायनी.*

ही ओवी तिची स्वतःची. बाबा उठले की ती थांबायची.

मी नऊ वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी बाबांनी चिंचेखाली फोनो लावला होता. गर्दी चांगली जमली होती. भजन संपलं, बाबा बोलायला उभे राहिले, तेवढ्यात पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "हाऊ पेटीमाधला मानूस आमनी बोली बोलत नही का रे भाऊ?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. घरी येताना ते सायकल हातात धरून चालत आले. मी कॅरिअरवर बसले होते आणि त्यांची पाठ बघत होते. घरी आल्या आल्या म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना परक्या बोलीत हाका मारतोय."

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. अहिराणीत भजन रचायला बसले. लिहायचे, खोडायचे, आईला विचारायचे, "अगं, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" आई सांगायची. पुढे पुढे आईच ओळी सांगू लागली आणि बाबा नुसते उतरवून घेऊ लागले. दोन भजनं तयार झाली. धुळ्याला नव्याने आलेल्या मडमसाहेबांनी मुंबईच्या एका तबकड्या काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, आमची माणसं जळगावला येणार आहेत, गाणाऱ्याला घेऊन या.

गाणारा कोण, हा प्रश्नच नव्हता. बाबांच्या छातीत खोकला कायमचा मुक्कामाला होता.

आम्ही तिघं रेल्वेने जळगावला गेलो. आईने नवं लुगडं नेसलं होतं आणि ती वाटभर खिडकीची सळई धरून बसली होती. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, तिने एकदाही हात सोडला नाही. जळगावात एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्यातली मोठी खोली कंपनीच्या माणसांनी घेतली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चारही भिंतींना गोधड्या लटकवल्या होत्या. खिडक्या बंद. आत भट्टीसारखा उकाडा. एका टेबलावर बर्फाची पाटी, तिच्या शेजारी मेणाच्या जाड तबकड्या. मधोमध लोखंडी दांडीवर आवाज टिपणारं एक वाटोळं यंत्र.

"बाई, या तोंडाशी गायचं," कंपनीचा माणूस म्हणाला. चष्मेवाला, घामाने भिजलेला. "लाल दिवा लागला की सुरू. तीन मिनिटं. मध्ये थांबायचं नाही, शिंकायचं नाही, पदर सावरायचा नाही. बांगड्या काढून ठेवा."

आईने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. पहिलं भजन ती छान गायली. अगदी शेवटच्या ओळीला बाबा खोकले. सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा जमलं तेव्हा त्या माणसाने हात जोडले आणि बाबांना म्हणाला, "महाराज, दुसऱ्या बाजूच्या वेळी तुम्ही कृपा करून बाहेर बसा. लांब बसा."

बाबा बाहेर गेले. दार लागलं. दारावरही गोधडी होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दिवा लाल झाला, आणि ती गायली. पण दुसरं भजन नाही. वैशाखनं ऊन माय.

मुठीतल्या बांगड्या मी इतक्या घट्ट धरल्या की एक पिचली. आई जात्यावर गायची तशी गात होती, किंचित पुढे झुकून, उजवा हात हवेत फिरवत. त्या हाताला खुंटा हवा होता. ओवीमागून ओवी येत होती, मी कधी न ऐकलेल्याही. दिवा विझला. चष्मेवाला माणूस म्हणाला, "यातलं मला निम्मंच कळलं, बाई. पण हे राहू द्या."

बाहेर बाबा चिंचोक्यांशी चाळा करत बसले होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," आई म्हणाली.

गाडीत तिने मला काही सांगितलं नाही. बाबांना बोलू नकोस असंही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग ते गुपित तिचं राहिलं असतं. आता ते नुसतंच माझ्याकडे होतं. पाच महिने मी ते घेऊन हिंडले. प्रत्येक गाडीची शिट्टी ऐकली की शाळेत पाढे चुकायचे. बाबा दर दोन दिवसांनी स्टेशनात तबकडीचं पार्सल विचारून यायचे आणि हात हलवत परतायचे. त्यांचं तोंड उतरलेलं बघून मला वाईटही वाटायचं आणि सुटल्यासारखंही. आई मात्र त्या पाच महिन्यांत अगदी शांत होती. भाकऱ्या करपत नव्हत्या.

पार्सल आलं ते शनिवारी. बाबांनी ते घरी उघडलंच नाही. "उद्या मंडळीसमोरच," म्हणाले. लहान मुलासारखे खुशीत होते.

रविवारी देऊळ भरलं होतं. पुरुष एका बाजूला सतरंजीवर, बायका दुसऱ्या. पुढे मंडळीचे पंच नाना बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. बाबांनी नवी कोरी सुई लावली. कर्ण्यातून आईचा आवाज आला तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. पोरं कर्ण्यात डोकावून बघू लागली. भजन संपलं. नाना खुलले होते. "वा! पलटा, पलटा. दुसरं लावा."

आई उठली आणि बाहेर गेली.

बाबांनी तबकडी पलटली. सरसर सुरू झाली. मी डोळे मिटले.

पहिल्या ओवीला कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दुसरीला बायकांमधली कुजबुज थांबली. त्या सगळ्या कुणाच्या तरी लेकी होत्या, आणि त्यांतल्या किती जणींना माहेर उरलं होतं? कोपऱ्यातून एक हुंदका आला, मग दुसरीकडून. नानांनी काठी आपटली.

"हे काय? देवळात आखाजीची गाणी? यात प्रभूचं नाव कुठाय?"

बाबांचा हात सुईपाशी गेला. मला अजून दिसतो तो हात, पितळेवर थांबलेला. त्यांनी सुई उचलली नाही. तीन मिनिटं पुरी होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी कापड टाकलं आणि प्रार्थना केली, नेहमीपेक्षा आखूड.

त्याच संध्याकाळी पंच घरी आले आणि फोनो देवळाच्या कपाटात गेला. कपाटाची किल्ली नानांकडे. फडताळावर त्याच्या पायांच्या चार खुणा उरल्या. आई रोज तिथली धूळ पुसायची. बाबा आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी हात धुताना म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर गाऊ दिलं असतं तुम्ही?"

बाबा हात पुसत राहिले. बराच वेळ पुसले. "नाही," म्हणाले.

त्यानंतर आमचं घर पुन्हा बोलू लागलं, पण हळू आवाजात. आई दळताना गायची थांबली. जात्याची नुसती घरघर. ती ऐकवत नसे, मी अंथरुणातून उठून देवळापलीकडे जाऊन उभी राहायचे.

कपाटापुढे उभं राहून मी हे सगळं सांगत होते आणि पाळक माझ्याकडे बघत होते. त्यांनी पाणी दिलं. "ती तबकडी कुठाय?" त्यांनी विचारलं. पुढे बाबांची बदली झाली त्या सामानात ती फुटली, मी सांगितलं. कंपनीकडे दुसरी मिळाली नाही. बाबा गेले, आई आता माझ्याजवळ नाशकात असते, तिला ऐकू कमी येतं. सांगताना मी देवळात फेऱ्या घालतेय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थांबले. गाडीला तासभर होता. जे सांगायचं ते मी त्यांना सांगितलंच नाही, म्हणून इथे सांगते.

पुढल्या वैशाखात, आखाजीच्या आदल्या दिवशी, आमच्या दारात बैलगाडी थांबली. उंच, काळासावळा एक माणूस उतरला. आई सूप घेऊन ओट्यावर बसली होती. तिचे हात थांबले.

"अक्का," तो माणूस म्हणाला, "मायनी धाडं माले. तुले लई ये म्हने."

तो माझा मामा होता, आजीने आईला न्यायला धाडलेला. आत आला नाही, ओट्याच्या कडेला टेकला. कंपनीने ती तबकडी दुकानांतही विकायला ठेवली होती. दोंडाईच्याच्या बाजारात एका दुकानातून बहिणीचा आवाज आला, म्हणाला. "मी वळखा. घर जाईसन मायले सांगं. माय दोन दिन काहीच बोलनी नही. मंग म्हने, माले तठे लई चाल. दुकानवालानी तीन येळा लावी." आजी स्वतः दुकानात जाऊन ऐकून आली होती.

बाबा सायकल टेकवून उभे होते. सगळं ऐकत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं. बाबा आत गेले आणि आईचं लुगडं, माझे दोन परकर एका फडक्यात बांधून बाहेर आले. गाठोडं त्यांनी स्वतः गाडीत ठेवलं. "तापीला उतार आहे ना आता?" त्यांनी मामाला विचारलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. मामाच्या घरापुढे मोठं अंगण, अंगणात गर्द झाड, झाडाला झोका. माणसं ओट्यावर आणि दारात दाटीने उभी होती. कुणी पुढे येईना. कुणीतरी आम्हाला झाडाखाली बसवलं. ओंजळीत वरून पाणी ओतलं. आई ते निमूट प्यायली. मग दारातली गर्दी बाजूला झाली आणि एक बुटकी म्हातारी उंबऱ्यावर येऊन बसली. आजी. ती आईकडे बघत राहिली. चौदा वर्षांनी. मला वाटलं आता ती रडेल किंवा शिव्या देईल.

"पेटीमा तू चुकनी," आजी म्हणाली.

आईला कळेना. "काय चुकनू मी?"

"आपला आंगनमा नीम कधी व्हता? वर देख."

आईने मान वर केली. मीही केली. कैऱ्यांनी लगडलेला आंबा होता. कडुनिंब आमच्या अंगणात होता, शिंदखेड्याला, देवळाशेजारी. जातं त्याच्याच सावलीत असायचं. आई त्या आंब्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला, की मी तिचा पदर धरला.

"आंबानी सावली म्हन," आजी म्हणाली. "आते गाई दखाड, बरोबर."

आईने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. यंत्रासमोर न अडखळता गाणारी माझी आई आपल्या आईसमोर नुसते ओठ हलवत होती. तेव्हा आजीने स्वतःच सुरू केली, चिरक्या, फाटक्या आवाजात, *वैशाखनं ऊन माय*. तीन वेळा ऐकून तिला सगळी पाठ झाली होती. दुसऱ्या ओळीला आई तिच्यात मिसळली.

आजी पुढे पाच वर्षं जगली. त्या पाचही आखाजींना आई गेली, आणि पाचही वर्षं तिला घरात घेतलं नाही. भावकीची भीती होती. तिचं पान अंगणातच पडायचं.

त्या पहिल्या दिवशीही तसंच झालं. मामीने आमच्या पत्रावळी आंब्याखाली मांडल्या, लांबूनच वाढलं. आमरस, सांजोऱ्या, खापरावरचे मांडे. आई मान खाली घालून बसली होती. तेवढ्यात ओट्यावर भांडं वाजलं. आजी आपलं ताट घेऊन पायऱ्या उतरत होती. एका हातात ताट, एक हात भिंतीला. "ओ माय, हाई काय करस?" मामा म्हणाला. तिने ऐकलं न ऐकलं केलं. येऊन आईच्या शेजारी मातीत बसली. आपल्या ताटातला मांडा तोडून अर्धा आईच्या पत्रावळीवर ठेवला. मग आईच्या पत्रावळीवरची एक सांजोरी उचलली आणि दारातल्या सगळ्यांदेखत तोंडात घातली.

"खाई ले," ती म्हणाली. "थंड व्हई जाई."